काहिलीवरची बाई ट्रॅकवर

उज्ज्वला शिंत्रे परीक्षेत नापास झाली, आणि दैवाची थट्टा अशी की ती परीक्षा तिच्या पोटच्या पोरीनंच बनवलेली होती.

परीक्षाही साधीसुधी नव्हे, घाट-परवान्याची. तो गेला म्हणजे उज्ज्वलाचा शुक्रवार गेला. गेली बारा वर्षं दर शुक्रवारी पहाटे ती आपल्या निळ्या मोटारीची मागची सीट पाडायची, गुळाचे चाळीस डबे रचायची आणि घाट उतरून कुडाळ-मालवणच्या हॉटेलांना पोचवून यायची. ही गिऱ्हाइकं तिनं एकटीनं जोडली होती. आठवड्याचे सहा दिवस ती गुऱ्हाळाची, नवऱ्याची, गड्यांची. शुक्रवार मात्र तिचा स्वतःचा होता. त्या दिवशी तिला कोणी विचारत नसे की जेवण झालं का, जाळायची उसाची चिपाडं वाळली का. नापासाचा कागद आला तेव्हा तिचा नवरा दिनकर म्हणाला, "जाऊ दे की गं. ड्रायव्हर ठेवू." माणूस वाईट नव्हता तो, पण त्या वाक्यानं तिच्या काळजाला घरं पडली.

आता हे सगळं झालं कशानं, ते सांगायला हवं. विजेच्या गाड्या घरोघरी आल्या तसे लोक ब्रेकला विसरले. या गाड्यांत पाय उचलला की मोटर उलटं काम करते, गाडीच्या वेगातूनच वीज बनवते, आणि वीज बनवता बनवता गाडीला मागे ओढते. ब्रेक दाबायची वेळच येत नाही. पण बनलेली वीज बॅटरीनं गिळली पाहिजे ना? बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, किंवा तापून लाल झाली असेल, तर ती ढिम्म घेत नाही. मग सगळा भार पडतो चाकातल्या जुन्या, बिचाऱ्या ब्रेकवर. घाटमाथ्यावर पोटभर चार्ज करून निघालेली गाडी चौथ्या वळणापर्यंत ब्रेक तापवते, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं तर दबत नाही, बुडबुडा दबतो. पाय थेट तळाला जातो आणि गाडी थेट दरीला.

असे अपघात वाढले तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीनं 'स्पर्शिका' काढली. अंगात घालायचं जाकीट आणि पायांत चढवायचे मोजे, दोन्हींत केसाहून बारीक धागे, वीज सोडली की उबदार होणारे. वळणावर समोरचे आकडे वाचायला कुणाला फुरसत असते? म्हणून गाडीचा ताप सरळ अंगालाच कळवायचा. ब्रेक तापले की नडग्यांना ऊब लागते, बॅटरी तापली की पाठीला. यंत्र छानच होतं, हे उज्ज्वलाही नाकबूल करत नसे. घाटातले अपघात निम्म्यावर आले. मग २०४१ साली नियम आला की स्पर्शिकेशिवाय घाट नाही, आणि ज्याच्या कातडीला ती ऊब वेळेवर कळत नाही त्याला परवाना नाही. ऊब किती अंशाला कळली पाहिजे, ती रेघ कंपनीतल्या ज्या इंजिनिअर मुलीनं आखली ती ईश्वरी दिनकर शिंत्रे, वय सत्तावीस.

परीक्षेत उज्ज्वलाच्या नडग्यांवर पट्टे बांधले. ऊब जाणवली की बटण दाबा, म्हणाले. ती बसून राहिली. शेजारच्यानं बटण दाबलं, त्याच्या पलीकडच्यानं दाबलं, ही आपली पंख्याकडे बघतेय. एकतीस वर्षं गुऱ्हाळाच्या भट्टीसमोर, चुलवाणासमोर उभं राहून, काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, उकळता रस बोटांनी उचलून बघणाऱ्या बाईला ती ऊब म्हणजे काय लागणार? तिचा बाप गुळव्या, गूळ शिजवणारा, त्याला मुलगा नव्हता, म्हणून काहील लेकीकडे आली. पंचक्रोशीत तिच्या हातचा गूळ ओळखून घेत.

"लागली न्हाई तर दाबू कशाला?" ती घरी येऊन फोनवर लेकीला म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी तीही मी आलो, मी गेलो असंच बोलायची. "मी काय खोटं बोलतो?"

ईश्वरीनं तिकडं नियमांचं पुस्तक उघडलं. मग म्हणाली, "आई, नियमात एक पळवाट आहे. पळवाट म्हणजे, संधी. ट्रॅकवर सिद्ध करायचं."

* * *

बोरपाडळच्या माळावर हौशी लोकांसाठी मोटारींचा ट्रॅक होता. रविवारी पोरं आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन यायची आणि पैसे भरून हवं तसं पळवायची. त्याच दिवशी नापास झालेल्यांची संधीही उरकून घेत. अट अशी: पाच सत्रं, एकेक अठरा मिनिटांचं. प्रत्येक सत्रात सहा फेऱ्या दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारायच्या, म्हणजे कोणी बैलगाडीसारखं चालवून पास व्हायला नको. समोरचे आकडे झाकलेले. गाडी किती तापलीय ते फक्त स्पर्शिका सांगणार. ब्रेक ऑइलनं हद्द ओलांडली की नोंदीत लाल शिक्का. एक शिक्का, त्या सत्राच्या राहिलेल्या फेऱ्यांसकट, माफ; दुसऱ्याला घरी. आणि नापास झालात तर पुन्हा संधी नाही.

ट्रॅकचे मुख्य इंगवले, पांढऱ्या मिशांचे, एकेकाळी स्वतः गाड्या पळवलेले. त्यांनी कागदावरची दोन नावं वाचली आणि चष्म्यावरून बघितलं. "कंपनीची निरीक्षक शिंत्रे, उमेदवारही शिंत्रे?"

"माझी आई आहे," ईश्वरी म्हणाली. "आज ड्यूटी माझीच होती. बदलून मागितली, कोणी आलं नाही."

"नोंदी यंत्र घेतं, त्यात कुणाला हात घालता येत नाही, म्हणून चालवून घेतो. पण सत्र चालू असताना आईला एक शब्द सांगायचा नाही. खूणसुद्धा नाही."

"न्हाई सांगत ती," उज्ज्वला म्हणाली. "लहानपणापासनं कधी काय सांगितलंय तिनं मला?"

ईश्वरीचा चेहरा उतरला. उज्ज्वलाला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता. रागच होता तिचा लेकीवर, खोटं कशाला बोला. बारावीनंतर पोर पुण्याला गेली ती गुऱ्हाळाकडे फिरकली नाही. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायची.

पहिल्या सत्राला उज्ज्वला निघाली ती भरलेल्या बॅटरीनं. घरातून निघताना गाडी फुल्ल करूनच निघायची, ही सवय. पोरांच्या गाड्या सूं सूं करत पुढे गेल्या आणि तिचंही रक्त तापलं. पहिली जोरातली फेरी दोन मिनिटं दोन सेकंद. दुसरी तीन. नडग्यांना गोड ऊब लागत होती, आणि तिच्या मनानं एकतीस वर्षांच्या सवयीनं सांगितलं की चुलवाण आत्ता कुठं धरतंय, अजून घाल जाळ. तिनं घातला. चौथ्या फेरीला उताराच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात शिरावा तसा खाली गेला. तिनं दोनदा, तीनदा पेडल मारलं, चाक वळवलं, आणि गाडी वळणाबाहेरच्या खडीत रुतून धूळ उडवत थांबली.

ती तशीच बसून राहिली.  घाटात हे झालं असतं तर, हा विचार तिच्या मनात आला. म्हणजे नापास केलं ते काही उगीच नव्हतं.

गाडी ओढून पिटमध्ये, गाड्या उभ्या करायच्या जागी, आणली. ईश्वरी नोंदी दाखवणारा छोटा पडदा हातात धरून उभी होती, डोळे भरलेले.

"आई, लाल..."

"मग नोंदव की. रडतीस कशाला?"

"यंत्रानं नोंदवलाय. तू ठीक आहेस ना?"

"पेडल मेलं माझं," उज्ज्वला म्हणाली. तेवढ्यात तिच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिनं नडगीवर हात ठेवला. मोजे अजून पायांत होते. गाडी केव्हाची उभी होती, तरी नडग्यांवरची ऊब उतरत नव्हती. उलट चढत होती.

इंगवलेंनी सांगितलं, "गाडी धावते तोवर वारा लागतो. उभी राहिली की ब्रेकच्या चकतीतला सगळा ताप मागं तेलात जातो. म्हणून पोरांना सांगतो, सत्र संपलं की शेवटची फेरी सावकाश मारा, मगच थांबा. ऐकतंय कोण?"

हे काही तिला नवीन नव्हतं. जाळ ओढला तरी काहील शिजतच असते. रस बरोबर झाला असं डोळ्याला दिसेपर्यंत थांबलात, तर काहील उतरवून गार करायच्या वाफ्यात ओतेतो गूळ काळा पडलेला असतो. म्हणून गुळव्या नेहमी आधी हात आखडतो. हे ती नवशिक्या गड्यांना शिव्या घालून शिकवत आली होती, आणि आज स्वतःच विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं, कारण आता सामना ओळखीच्या गड्याशी होता.

"बादली मिळंल का पाण्याची? गार," ती इंगवलेंना म्हणाली. "आणि दोन पंचे."

* * *

कातडीचा एक गुण आहे. ऊब किती आहे हे ती फार वाईट सांगते, पण ऊब किती बदलली हे फार चांगलं सांगते. एक हात गरम पाण्यात आणि एक गार पाण्यात बुडवून मग दोन्ही कोमट पाण्यात घाला, एकच पाणी एका हाताला गार लागेल आणि दुसऱ्याला गरम. कातडी ज्याला सरावते त्याला शून्य धरते आणि तिथून पुढं मोजते. गुळव्याला हे कोणी शाळेत शिकवलेलं नसतं. पण काहिलीतला पाक उचलण्याआधी तो हात गार पाण्यात बुडवतो तो निव्वळ भाजू नये म्हणून नव्हे. गारव्यातून बाहेर आलेल्या बोटांना पाकाची नस बरोबर कळते.

दुसऱ्या सत्राआधी उज्ज्वलानं मोजे काढले, ओले पंचे नडग्यांना गुंडाळले आणि दहा मिनिटं खुर्चीवर बसून राहिली. ईश्वरी बघत होती. 

इंगवले नियमांचं पुस्तक घेऊन आले. "मावशी, हे चालतं का, बघावं लागेल."

"बघा की. उमेदवाराचे पाय कोरडे पाहिजेत असं कुठं लिहिलंय, ते दावा मला."

त्यांनी पुस्तक चाळलं, मिशीवरून हात फिरवला आणि पुस्तक मिटलं. "नाही लिहिलेलं."

बॅटरीही तिनं या वेळी साठावरच थांबवली. शेजारच्या लाल गाडीचा पोरगा तिला समजुतीनं म्हणाला, "काकी, अजून भरा, मध्येच बंद पडेल."

"काहील काठोकाठ भरतंय का कोण?" ती म्हणाली. "उतू जायला जागा लागती बाळा." बॅटरीत जागा होती, म्हणून पाय उचलल्यावर तिची मोटर वीज गिळून गाडी आवरत होती, आणि ब्रेकला कमी राबावं लागत होतं. लाल गाडीवाला फुल्ल करून निघाला आणि तिसऱ्या फेरीला पिटमध्ये परतला, चाकातून धूर काढत.

उज्ज्वलानं त्या सत्रात कुणाशी शर्यत लावली नाही. पहिली फेरी सावकाश, रसातली मळी वर येऊ द्यायची तशी. मग दोन मिनिटं आठ सेकंद. पुन्हा आठ. दहाच्या आत म्हटलंय ना, मग दोन मिनिटं दोन सेकंदांत मारून कुणाच्या बापाला दाखवायचं होतं? मागून जोरातली गाडी आली की खिडकीतून हात काढून, घाटात वाट देतात तशी ती वाट द्यायची. गार पडलेल्या नडग्यांवर तिसऱ्या फेरीला ऊब आली, आणि या वेळी ती तिला स्वच्छ कळली. अठरा मिनिटांत थंडाव्याची एकच फेरी बसत होती. ती तिनं तिथं खर्च केली, ब्रेकला पाय न लावता गाडी वाऱ्यावर फिरवून आणली. मग उरलेल्या तीन मारल्या. शेवटची सावकाश फेरी करून पिटमध्ये आली तेव्हा नोंद हिरवी होती.

तिसरं सत्र हिरवं. चौथंही. दरवेळी बादलीत नवं पाणी. चौथ्यानंतर पोरांची तिच्या गाडीभोवती गर्दी जमली. इतका वेळ टिकलेली अशी जुनी गाडी त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्यांच्या निम्म्या गाड्या एव्हाना बॉनेट उघडून पडल्या होत्या.

* * *

पाचवं सत्र दुपारी तीनला. एप्रिलचं ऊन, डांबर नुसतं भाजत होतं. दिवसभर चार्ज आणि धावपळ करून गाडीच्या बॅटरीनं मान टाकायला सुरुवात केलेली. पहिल्याच जोरातल्या फेरीत उज्ज्वलाची पाठ तापली. तिला कळलं की आता मोटर आवरायला येणार नाही, सगळं ब्रेकवर.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी नडग्यांवर ऊब आली. फार नव्हती. पण आधीच्या तीन सत्रांत ती तिसऱ्या फेरीला यायची, आणि हळूहळू यायची. ही एकदम उभी राहिली होती. थंडाव्याची फेरी आत्ता खर्च केली तर पुढं सलग चार जोरातल्या माराव्या लागणार, मध्ये उसंत नाही. न केली तर पुढच्याच फेरीत तेल उकळायचं. चार फेऱ्यांची भीती वाटली तिला, खरंच वाटली. तिनं पाय उचलला.

त्या सावकाश फेरीत तिनं ठरवलं. जाळ एकदम ओढायचा नसतो, एकेक चिपाड मागं घ्यायचं असतं. तिच्याकडे दर फेरीला दोन सेकंद शिल्लक होते. ते तिनं उताराच्या वळणावर उधळायचे ठरवले. तिथं बाकीचे शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभे राहायचे. ती लांबूनच पाय उचलून गाडी आपली आपण मंदावू देणार, आणि वळण संपल्यावर चढावर वेग भरून काढणार. चढ काय, चढाला ब्रेक लागत नाही.

तिसरी फेरी दोन मिनिटं नऊ. चौथी नऊ. चालवताना तिला आकडे दिसत नव्हते, पण लय पायात बसली होती. घाम डोळ्यांत जात होता. पाचव्या फेरीत ऊब घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढली आणि तिचं मन म्हणालं, अजून एक झेपेल, दोन नाही. एकच उरली होती.

सहाव्या फेरीत लाल गाडीवाला मागे लागला. त्यानं ब्रेक गार करून घेतले होते आणि त्याला जोर आला होता. उताराच्या वळणाआधी तो अगदी मागच्या काचेत होता. त्याला वाट द्यायची तर बाजूला व्हावं लागणार, बाजूला व्हायचं तर ब्रेक. उज्ज्वलानं क्षणभर विचार केला, मग खिडकीतून हात काढून तळवा दाखवला: थांब. पोरगा शहाणा निघाला, थांबला. तिनं लांबूनच पाय उचलला, गाडी आपसूक मंदावत वळणात शिरली, ब्रेक तिनं फक्त एकदा, अंगठ्यानं हलकेच दाबावा तसा दाबला. पेडल टणक होतं. चढ आला, तिनं पाय दाबला, पाठ भाजली, आणि सत्र संपल्याचा चौकटींचा झेंडा डोक्यावरून गेला.

मग पोराला वाट दिली. जाताना त्यानं हॉर्न वाजवला.

ती सावकाश फेरी करून आली, आणि आल्यावरही थांबली नाही, पिटमध्ये पावलाच्या वेगानं दोनदा पुढंमागं केली गाडी, ऊब उतरेपर्यंत. सगळे बघत होते. मग दार उघडलं.

इंगवलेंनी पडदा बघितला. "सहावी फेरी दोन मिनिटं नऊ पॉइंट आठ सेकंद. तेल हद्दीच्या चार अंश खाली." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हिरवं."

पोरांनी एकच गलका केला. उज्ज्वलाला काय करावं कळेना. तिनं पंचा तोंडावर दाबला आणि त्याआड ती हसत होती आणि रडतही होती. एवढा आनंद तिला कधी झाला होता, ते आठवेना. शुक्रवार परत आला होता, आणि तो कुणी दिलेला नव्हता, तिनं चालवून आणला होता.

ईश्वरी जवळ आली. पडद्यावर दोन रेघा होत्या. "आई, हे बघ. ऊब आमच्या रेघेला पोचली, म्हणजे यंत्राचा इशारा झाला, तो चौथ्या फेरीत. तू पाय सोडलास दुसरीत."

"मग?"

"मग इशारा ऐकणारा माणूस आज पाचव्या सत्रात नापास झाला असता. तुझ्याऐवजी मी असते तर मी झाले असते." तिनं इशाऱ्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "ती रेघ मी तीनशे लोकांवरून आखली. सगळे आमच्या ऑफिसातले, एसीत बसणारे. त्यांना ऊब किती लागते तेवढं मोजलं. बदल मोजलाच नाही. आणि आतापर्यंत अकराशे चाळीस लोक नापास झालेत. परवा यादी काढून बघितली. भट्टीवाले, बेकरीवाले, फौंड्रीतले. निम्मे आपल्या कोल्हापूरचे."

"तुझ्या साहेबांना म्हाईत हाय हे?"

"आज संध्याकाळी कळेल."

"नोकरी जाईल काय गं?"

"जाऊही शकते," ईश्वरी म्हणाली.

उज्ज्वला तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांचा राग होता, तो शोधायला गेली तर सापडेना. तिनं लेकीच्या तोंडावरची धूळ ओल्या पंच्यानं पुसली, लहानपणी पुसायची तशी, जरा जोरातच.

इंगवलेंनी फॉर्म पुढं सरकवला. उमेदवार: पात्र, असं त्यांनी लिहून शिक्का मारला होता. खाली निरीक्षकाची सही हवी होती, आणि तिच्या वर एक रकाना: आधीच्या परीक्षेत नापास होण्याचं कारण. सगळेजण तिथं ठरलेलं एकच वाक्य लिहीत, त्वचेची संवेदना अपुरी. ईश्वरीनं पेन उघडलं. लिहिलं, परीक्षा चूक होती. आणि खाली आपलं पूर्ण नाव घालून सही केली.

उज्ज्वलानं ते दोनदा वाचलं. मग कागद घडी करून ब्लाउजात ठेवला आणि गाडीचं पलीकडचं दार उघडलं.

"बस," ती म्हणाली. "घाटानं जाऊ. मी चालवतो."